संमतीच्या रकान्यात

९ जून

प्रिय टिल्लू,

फोनवर तू मला बंद केलंस, ते समजू शकते. पण पोस्टमनला कोणी बंद करू शकत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर न उघडताच फेकशील असं वाटलं, म्हणून पत्ता खालच्या टायपिंगवाल्याकडून छापून घेतला. चौदा महिन्यांनी पहिलं पत्र, आणि त्याची सुरुवात लबाडीने. असो.

मी बरी आहे. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचा माझा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षात आलाय. वर्गात मी सगळ्यांत थोराड. चव्वेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, पंधरा वर्षं तिसरीच्या पोरांना पाढे शिकवलेली बाई लोकांचे संसार सांधायला निघाली, याचं वर्गातल्या पोरींना पहिल्या आठवड्यात हसू आवरत नव्हतं. आता डबा खाताना त्या स्वतःचीच भांडणं मला सांगतात.

पदवीसाठी प्रत्यक्ष कामाचे पाचशे तास भरावे लागतात. माझे दोनशे अकरा झाले. केंद्र विद्यापीठातच आहे, तळमजल्यावर. छोटी खोली, तीन सारख्या उंचीच्या खुर्च्या, तिवईवर कागदी रुमालांचा डबा. एका भिंतीवर मोठा आरसा आहे आणि आरशापलीकडे आमच्या मॅडम बसतात. त्यांना आम्ही दिसतो, आम्हाला त्या दिसत नाहीत. जोडप्याला हे आधीच सांगतात, तशी त्यांची सही घेतात. मी चुकले की माझ्याजवळचा फोन किणकिणतो आणि मॅडम दोन शब्दांत कान उपटतात.

गेल्या आठवड्यात नळजोडणीचं काम करणारा एक माणूस आणि त्याची बायको आले होते. ती म्हणाली, हा घरात तोंडच उघडत नाही. तो म्हणाला, उघडायला हिने जागा ठेवायला हवी ना. मला हसू फुटलं. लगेच फोन. मॅडम म्हणाल्या, "हसलात ते ठीक. पण त्याच्या बाजूने हसलात."

तू म्हणशील, ही खोड हिची जुनीच.

टिल्लू, कोर्टात मी तुझ्यावर उलटले असं तू सगळ्यांना सांगतेस, हे कानावर आलं. मी उलटले नाही. मला समन्स आलं, मी गेले. तुझ्या नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "तुमची बहीण हे वाक्य बोलली होती की नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा." तू बोलली होतीस. मी हो म्हणाले. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. मी वर्गासाठी लिहिलेला निबंध त्या वकिलाच्या हातात कसा गेला, याचा काथ्याकूट आता करण्यात अर्थ नाही. कागद फिरतात. पण त्यावरून ठमी त्याच्याकडे जाईल, आणि तू, तिची जन्मदाती, तिला पंधरा दिवसांतून एकदा, एक तास, कोर्टाने नेमलेल्या, वही घेऊन बसलेल्या बाईंच्या देखत भेटशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

भेटीला जात राहा. अंतर पडू देऊ नकोस. ठमी दिसते तेवढी रुक्ष नाही. अजून झोपेत तिचा अंगठा तोंडात जातो, आणि काढला की ती तुझ्यासारखीच कपाळाला आठ्या घालते.

तुझी,
ताई

२ जुलै

प्रिय टिल्लू,

तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ: "तिचा अंगठा झोपेत तोंडात जातो, हे तू कधी पाहिलंस?"

मी ते कार्ड तीन दिवस फ्रिजवर ठेवलं होतं, पालथं. मग सुलटं केलं.

ती माझ्याकडे येते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तो आणून सोडतो, रविवारी संध्याकाळी नेतो. आठ महिने झाले.

त्याचाच फोन आला होता. "ताई, मुलीला घरातलं कुणीतरी बाईमाणूस हवं. आमच्याकडे तुमच्याइतकं या विषयातलं कळणारं कोण आहे?" तुला त्याचा आवाज माहीत आहे. लिफ्टची तपासणी करताना तो दोर हाताने चाचपून बघतो ना, तसा बोलतो, कुठे किती ओझं पेलेल ते पाहत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चार दशकांत मला कोणी कशात तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. आणि ठमी हवीच होती. आपल्यापैकी एकीकडे तरी ती यावी, असं मी स्वतःला समजावलं. "आपल्यापैकी" हा शब्द किती सोयीचा आहे बघ.

ती आली की आम्ही फार काही करत नाही. मी कणीक मळते, ती कणकेची माणसं करते. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते. आधीच्या पत्रात मी 'रुक्ष' लिहिलं, तो शब्द त्या वहीवाल्या बाईंच्या अहवालातला आहे. त्यानेच मला वाचायला दिला होता. माझ्याकडे ती अखंड बडबडते.

तुझ्याबद्दल बोलत नाही. मीही विषय काढत नाही.

आणि आता खोट्याची एक बाजू उसवलीच आहे, तर दुसरीही. निबंध फिरत फिरत त्याच्याकडे गेला नाही. मी दिला. पहिल्या वर्षी आम्हाला स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा नकाशा काढून त्यावर लिहायचं होतं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, प्रेम असेल तिथे सरळ रेघ, बेबनाव असेल तिथे करवतीसारखी. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांची संमती जोडायची होती. म्हणून मी निबंध त्याला पाठवला. त्याने दुसऱ्या दिवशी सही करून परत दिला आणि म्हणाला, "छान लिहिलंय ताई, मला एक प्रत ठेवू द्या."

मला त्यात पंचवीसपैकी तेवीस मिळाले होते.

ताई

२८ जुलै

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. मी उत्तरासाठी लिहीत नाही असं म्हणायचं होतं, पण पोस्टमनची सायकल वाजली की मी उठते.

त्याची सही त्याने केली, मग तुझी कोणी केली, हे तू विचारलं नाहीस. विचारण्याआधी सांगते.

पण आधी त्या दुपारचं. तुझं स्वयंपाकघर, तुमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आपण तिघं. ठमी शेजारच्यांकडे. तू त्याला सोडून जायचं ठरवलं होतंस, बॅग माझ्याकडे आणून ठेवली होतीस. मीच म्हणाले, एकदा समोरासमोर बोला, मी मध्ये बसते. सहा महिन्यांचं शिक्षण झालं होतं माझं. मोकळं बोललं की गाठी सुटतात, हे मला नुकतंच कळलं होतं, आणि नवीन सुरी घेतलेल्या माणसासारखी मी कापायला काहीतरी शोधत होते. तुमच्या खुर्च्यासुद्धा मी सरकवून सारख्या अंतरावर ठेवल्या होत्या. तू म्हणालीस, "ताई, आम्ही घरीच आहोत, फोटो काढायचा नाहीये." मी हसलेही नाही.

तो म्हणाला, ठमी झाल्यापासून तू त्याच्यापासून तुटलीस, का ते त्याला कळलं नाही. आणि मी म्हणाले, "टिल्लू, ते सांग ना त्याला. गॅलरीचं. सांगितलंस की हलकं वाटेल."

तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी तेव्हा संमती समजले.

मग तू सांगितलंस. ठमी चार महिन्यांची, अकरा दिवस तुला सलग दोन तास झोप नाही, तो कामासाठी परगावी, तू चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तिला घेऊन उभी. हात सोडले तर मला झोपता येईल, असं मनात आलं. हे एक वाक्य. आणि पुढचं: तू आत आलीस, दार लावलंस, कपड्यांचं कपाट एकटीने ढकलून दारासमोर आणलंस, आणि वर्षभर त्या गॅलरीत पाऊल टाकलं नाहीस. कपडे आतच वाळवलेस. तो आल्यावर कपाटावरून चिडला तेव्हा म्हणालीस, उजेड डोळ्यांवर येतो.

तो रडला तेव्हा. तुझा हात हातात घेतला. मला वाटलं, जिंकलं.

निबंध तीन हजार शब्दांचा हवा होता. माझा तीन हजार चारशेंचा झाला. मी कपाट काढलं.

खरं सांगायचं तर लांबीमुळे नाही, म्हणजे फक्त लांबीमुळे नाही. गॅलरीच्या वाक्यावर परिच्छेद संपवला की तो अंगावर यायचा. कपाट आलं की सगळं घरगुती व्हायचं. मी तुझं वाक्य छान दिसावं म्हणून तुझं कपाट काढून टाकलं.

आणि सही. संमतीच्या रकान्यात तुझी सही मी केली. तू दिली नसतीस, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलंच नाही. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी करायचे, तेव्हा आपण पोट धरून हसायचो. तसंच वाटलं.

कोर्टात तुझ्या वकीलबाईंनी मला एकच कामाचा प्रश्न विचारला होता. "या लेखनाला तुमच्या बहिणीची संमती होती का?" तू समोर बसली होतीस, हिरवा कुर्ता, मांडीवर पिशवी. मी "हो" म्हणाले. शपथेवर. नाही म्हटलं असतं तर आधी सही खोटी निघाली असती, मग मी अभ्यासक्रमातून बाहेर. हा हिशेब करायला मला एक श्वासही लागला नाही. तू मान खाली घातलीस. तुझ्या वकीलबाईंच्या कानात तू काहीतरी सांगशील असं मला वाटलं होतं. तू काही सांगितलं नाहीस.

तू म्हणशील तर मी हे कोर्टात सांगायला तयार आहे.

ताई

१९ ऑगस्ट

टिल्लू,

तुझं पत्र आलं. आठ ओळी. मी ज्याबद्दल एवढं लिहिलं, त्यावर एक अक्षर नाही. फक्त हे की, "ठमी तुझ्याकडे असते तेव्हा मला एकदा येऊ दे. वहीवाली बाई नको, भिंतीवरचं घड्याळ नको, एक दुपार."

ये. दुसऱ्या शनिवारी. तो तिला दहा वाजता सोडतो, तू बाराला ये. मागच्या जिन्याने येऊ नकोस, चोरासारखं दिसतं. पुढच्याच दाराने ये.

हे नियमात बसत नाही, ते मला माहीत आहे आणि तुलाही. कळलं तर तुझा तासही जाईल. तरी ये.

एका गोष्टीबद्दल मला नीट बोलता येत नाहीये. तू लिहिलंस, "तिला एवढंच सांग की बाबांना सांगायचं नाही." बघते. तू ये आधी.

ताई

२४ सप्टेंबर

टिल्लू,

त्या दुपारचं तू पाहिलंस ते मी सांगत नाही. तू पाहिलं नाहीस तेवढंच सांगते.

तू घंटा वाजवलीस तेव्हा ठमी टेबलापाशी चित्र काढत होती. तुला दारात पाहून ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली, आणि हात मांडीवर ठेवून कोचावर बसली. तुझ्या लक्षात आलं असेल. तू तिच्या शेजारी बसलीस, दीड हात लांब. भेटीच्या त्या खोलीत तेवढंच अंतर ठेवायला सांगतात का? तुम्ही दोघी शाळेबद्दल बोललात. तिने प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होते.

मग तू तोंड धुवायला न्हाणीघरात गेलीस. बराच वेळ गेलीस. नळ चालू होता. तेव्हा ठमी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आज त्या लिहिणाऱ्या बाई नाही आल्या?"

मी म्हणाले, "नाही. आज त्यांची गरज नाही."

ती म्हणाली, "मग आईला कोण सांगणार, वेळ झाली म्हणून?"

दोनशे सत्याऐंशी तास भरलेत माझे. त्यांतला एकही कामाला आला नाही.

तू बाहेर आलीस, डोळे लाल. नंतर कणकेची माणसं करायला लागल्यावर ती मोकळी झाली, हे तूही पाहिलंस. तुझ्या केसांना कणीक लागली म्हणून हसली. साडेचारला तू निघालीस तेव्हा तिने विचारलं, "परत इथेच येणार?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी होकाराची मान हलवली.

दारात तू मला विचारलंस, "सांगितलंस ना तिला?" मी म्हणाले, "सांगते." खाली पोचल्यावर तू वर बघून हात केलास.

मी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी दोनदा तोंड उघडलं. मुलावर गुपिताचं ओझं टाकायचं नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यापासून घोकून घेतलंय. गुपित सांभाळणारं मूल आई आणि बाप दोघांपासूनही तुटतं. हे खरं आहे, टिल्लू, मी अशी मुलं केंद्रात पाहिलीत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले आणि मनात म्हणाले, एकदा तरी पुस्तकाप्रमाणे वागू. तुझ्या बाबतीत मला नियम मोडायचा होता तेव्हा पटकन मोडला. तिच्या बाबतीत पाळायचा ठरवला. तिने बापाला सांगितलं नाही तर बरं, एवढीच आशा केली, आणि आशा हा काही उपाय नव्हे.

तिने रविवारी संध्याकाळी, जिना उतरतानाच सांगितलं असणार. आनंदाने. "बाबा, आई आली होती, तिच्या केसांना कणीक लागली."

सोमवारी त्याचा फोन आला. चिडला नव्हता. म्हणाला, "ताई, तुम्ही तरी माझ्याशी खरं वागाल असं वाटलं होतं." मग म्हणाला, यापुढे ठमी येणार नाही, आणि वकिलाशी बोलणं झालंय. त्याने तुझ्या भेटी बंद करण्यासाठी अर्ज केला आहे, हे एव्हाना तुला कळलं असेल. तारीख पडेपर्यंत भेटी थांबवल्यात, हेही.

मला शिव्या देणारं पत्र लिही. कार्ड चालेल.

ताई

३ नोव्हेंबर

टिल्लू,

तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानात मी आले होते त्याबद्दल लिहायला नको, तू तिथेच होतीस. पण मला लिहिल्याशिवाय कळत नाही, माझं तसंच झालंय.

त्याआधी मी मॅडमना सगळं सांगितलं होतं. केंद्रातल्याच खोलीत, जोडपी बसतात त्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं. निबंध, कपाट, सही, शपथ, ठमी. शेवटी म्हणाल्या, "हे तुम्ही मला का सांगताय? बहिणीसाठी की स्वतःसाठी?" मी म्हणाले, बहिणीसाठी. त्यांनी आरशाकडे पाहिलं. आरशामागे त्या दिवशी कोणी नव्हतं. म्हणाल्या, "मी विचारलं, कारण ती इथे नाहीये."

विद्यापीठाच्या समितीने पंधरा मिनिटांत निकाल दिला. नाव कमी केलं. तीनशे चार तास रद्द. नळजोडणीवाला आणि त्याची बायको आता वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलीकडे जातात. मला बरं वाटलं की त्यांचं बरं चाललंय. कॉरिडॉरमध्ये भेटला तेव्हा तो म्हणाला, "बाई, ही पोरगी बोलूच देत नाही, पण घरी आम्ही बोलायला लागलोय."

मग मी कोर्टासाठी प्रतिज्ञापत्र केलं आणि तुझ्या वकीलबाईंना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, "दीड वर्षापूर्वी हे सोन्याचं होतं. आता समोरचा वकील मला दोनच गोष्टी विचारेल. सही खोटी, ठीक. वाक्य खरं की खोटं? आणि शनिवारी नियम मोडून भेट कोणी घडवली?" तरी त्यांनी ते दाखल केलं.

त्याची प्रत घेऊन मी तुझ्याकडे आले. तू आत काचा घासत होतीस. चाकावर पाण्याची बारीक धार, तू चष्मा लावून वाकलेली. तू चष्मा कधीपासून लावतेस, मला माहीत नव्हतं. मालकाने हाक मारली, "तुमच्याकडे कोणीतरी आलंय." तू हात पुसत आलीस. मी कागद काउंटरवर ठेवला. तू शेवटपर्यंत वाचलास, घडी घातलीस, माझ्याकडे सरकवलास.

"सगळीकडे सांगितलंस?" तू विचारलंस.

"हो. विद्यापीठात. कोर्टात."

"बरं वाटलं?"

मी खरं बोलले. म्हणाले, "थोडं."

"मग झालं," तू म्हणालीस.

मी विचारलं, त्या दिवशी कोर्टात तू वकीलबाईंच्या कानात का सांगितलं नाहीस? 'ती सही माझी नाही', एवढं म्हणायचं होतंस. तू काउंटरवरचा एक फ्रेमचा ट्रे सरळ करत म्हणालीस, "आधी वाटलं, तूच सांगशील. मग तू हो म्हणालीस. त्यानंतर मी सांगितलं असतं तर तुला खोटी ठरवावं लागलं असतं. मला ठमी आणि तू, दोघींना एकदम घालवायचं नव्हतं."

एवढं बोलून तू आत गेलीस. मालकाने मला विचारलं, नंबर तपासायचाय का. मी नाही म्हणाले.

ताई

१४ डिसेंबर

टिल्लू,

आदेशाची प्रत तुझ्याकडे आली असेल. दोन वर्षं भेट नाही. त्यानंतर मान्यताप्राप्त समुपदेशकाचं प्रमाणपत्र आणलंस तर विचार करू. माझ्या प्रतिज्ञापत्राबद्दल दीड ओळ आहे. साक्षीदाराने आपण पूर्वी खोटं बोलल्याचं स्वतःच मान्य केल्याने तिच्या आताच्या म्हणण्यावरही विसंबता येत नाही. मी वाचलं आणि मला राग आला नाही. मी असते तर हेच लिहिलं असतं. कपाटाचा उल्लेख कुठेच नाही.

मला जुन्या शाळेत अर्धवेळ घेतलंय. पुन्हा तिसरी. पुन्हा तेराचा पाढा.

हे पत्र लिहिणार नव्हते. "आता लिहू नकोस" हे तुझं कार्ड मी पाळणार होते. पण परवा एक गोष्ट झाली, ती तुला सांगायला दुसरं कोणी नाही, आणि ती तुझी आहे, माझी नाही.

मी ठमीच्या शाळेवरून गेले. वाट वाकडी करून गेले, मान्य. दुपारी शाळा सुटली होती. मी रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. तिचा बाप फाटकापाशी गाडीला टेकून कोणाशी तरी बोलत होता, त्याची पाठ माझ्याकडे. ती बाहेर आली. उंच झालीये. केस आखूड कापलेत. तिने मला पाहिलं.

मला वाटलं, हात करेल. धावत येईल, असंही वाटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या पाठीकडे पाहिलं. मग खाली बसली आणि बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधायला लागली. बंद सुटलेला नव्हता, टिल्लू, मी बघत होते. बांधता बांधता एकदाच मान वर केली, माझ्याकडे बघून अगदी हलकेच नाही अशी हलवली. तिच्या कपाळाला त्याच आठ्या होत्या, तुझ्या. मग उठली, बापाचा हात धरला आणि गाडीत बसली. त्याने काहीतरी विचारलं. ती म्हणाली असेल, काही नाही.

सात वर्षांची आहे. तिला हे कोणी शिकवलं नाही. तू सांगितलं होतंस तेव्हाही मी शिकवलं नाही. ती आपली आपण शिकली.

गाडी वळेपर्यंत मी हात खिशात ठेवून उभी होते.

ताई